लालमहंमदचा उघडा हात

चिंचवडच्या आमच्या कारखान्यात शर्टाच्या बटणाएवढी बेअरिंगं बनायची. ती विमानात जायची, पुढं पुढं तर उपग्रहातही. तिथं वर बेअरिंग अडलं तर दोन थेंब तेल घालायला कोण जाणार? म्हणून आम्ही सगळे बोटांना रबरी टोप्या घालून बसायचो. माणसाचा घाम लागला की पोलाद गंजतं.

उघड्या हाताची मुभा होती ती एकट्या लालमहंमदला. पिंपरी कॅम्पात घड्याळं दुरुस्त करणारा हा माणूस अडुसष्ट साली आमच्यात आला. भर मे महिन्यातही त्याचा तळवा कोरडा ठणठणीत. तयार झालेलं प्रत्येक बेअरिंग तो शेवटी चिमटीत धरून फिरवायचा, जरा कुठं खरखरलं की बाजूला ठेवायचा. शेजारच्या टेबलावर मी.

"काय भीमराज, बोटांना कुंच्या घातल्यास? सर्दी झाली का त्यांना?" म्हणून रोज डिवचायचा. मला असा राग यायचा! हेवाही वाटायचा, का खोटं बोलू?

त्याची एकुलती एक मुलगी परवीन घटसर्पानं गेली. तिचा चाळिसावा दिवस व्हायच्या आतच तो कामावर आला. कामात मन रमेल, असं आम्हीच एकमेकांना सांगितलं. बोलायला काय जातं आपलं! तो बेअरिंगं फिरवत राहायचा. कुंच्यांची चेष्टा बंद झाली आणि मला ती हवीहवीशी वाटायला लागली.

पुढं उपग्रहासाठी बांधून ठेवलेली पेटी तपासणीला उघडली, तर बेअरिंगांवर तांबूस ठिपके. आमचे इंजिनिअर दौलतराव यांनी एक सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. ठिपक्यात अंगठ्याच्या रेषा उमटल्या होत्या आणि त्यांच्या मधून एक आडवी चीर. लालमहंमद पुढं झाला, त्यानं डोळा लावला. लहानपणी घड्याळाच्या स्प्रिंगनं त्याचा अंगठा कापला होता.

"माझाच हाय, साहेब," तो म्हणाला. "पोरगी गेली तवापासून हात सुकतच न्हाई."

सगळा माल भंगारात गेला. दौलतराव माणूस वाईट नव्हते. "टोप्या घालून बस," म्हणाले. त्यानं घालून पाहिल्या, पण रबरातून त्याला काहीच कळेना. मग त्यानं स्वतःच पॅकिंग खातं मागून घेतलं, खोक्यांना खिळे ठोकायचं. आमच्या खोलीवरून जाताना उजवा हात खिशात घालून जायचा. मला ते बघवायचं नाही.

ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात तो झोपेतच गेला. माल भंगारात गेला तेव्हाच त्यातलं त्याच्या अंगठ्याचं एक बेअरिंग मी उचलून बाटलीत तेलात ठेवलं होतं. तेलात गंज वाढत नाही. ते घेऊन मी त्याच्या बायकोकडे, कमरुन्निसावहिनींकडे गेलो आणि बाटलीतून काढून फडक्यावर ठेवलं. त्यांनी फळीवरून लालमहंमदचं घड्याळाचं भिंग काढून डोळ्याला लावलं. बराच वेळ काही दिसेना. मग चीर दिसली आणि त्या ढसाढसा रडल्या.

डोळे पुसून त्यांनी बोट पुढं केलं आणि मध्येच थांबवलं. नवऱ्याच्या तोंडून तो नियम त्यांनीही ऐकलेला होता.

"हात लावला तर चालंल का, भाऊ?"

उभी नोकरी मी लोकांना ‘हात लावू नका’ म्हणत आलो होतो.

"लावा, वहिनी," मी म्हणालो.