मंगळवारची पाळी

फेब्रुवारीतला पहिला रविवार, सकाळी दहा. रक्कम सहा हजार चारशे रुपये. हजर माणसं चार: मी, माझी बायको, तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त गुरुजी आणि जिच्यासाठी रक्कम जमवली ती तळमजल्यावरची मुलगी. पाचवी तिची आई, आतल्या खोलीत पलंगावर. दार उघडं होतं, म्हणजे त्यांनाही हजर धरायला हवं होतं. मी धरलं नाही.

दिवाळीच्या आधी या वहिनींची उजवी बाजू गेली. वाचाही गेली, ‘नको’ एवढा एकच शब्द राहिला. नवरा ट्रकवर, महिन्यातले वीस-बावीस दिवस बाहेर. आईचं सगळं करायला एकटी मुलगी. वय सतरा, बारावी सायन्स.

कराडातल्या आमच्या इमारतीत तिचं घर सोडून आठ घरं. घरटी आठशे. मी हिशेब वाचून दाखवला, पाकीट पुढं केलं. तिनं हात मागं घेतला.

“काका, पैसं नकोत. पप्पा पाठवत्यात. माणूस पायजे. मंगळवारी अकराला केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल हाय. ते बुडालं की वर्ष गेलं. दहा ते दोन कुणीतरी आईपाशी बसा.”

गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं. मी वहीकडं पाहिलं. वहीत माणसाचा रकाना नव्हता.

मी साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात आहे. कोण कुठल्या पाळीला आला, किती वाजता गेला, हे खिडकीमागं बसून लिहिण्यात बावीस वर्षं गेली. तेव्हा दुपारपर्यंत तक्ता तयार करून इमारतीच्या ग्रुपवर टाकला. वर ठळक अक्षरांत ‘पाळीपत्रक’. खाली पहिलीच ओळ: ‘माझी पाळी मंगळवारी आहे. सर्वांनी नोंद घ्यावी.’

दहा मिनिटांत पहिल्या मजल्यावरच्या सूनबाईंचं उत्तर आलं. “आवं काका, पोट लय दुखलं तर सांगा. गरम पाण्याची पिशवी देते.”

त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. कारखान्यात हाच शब्द वापरतात, असं मी सविस्तर लिहिलं. त्यावर आणखी सहा चेहरे आले. बायको म्हणाली, “नुसतं ‘नंबर’ लिहिलं असतं तर हात मोडला असता का?”

मंगळवारी ती माहेरी सांगलीला गेलेली, भाचीचा साखरपुडा. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून नऊ पन्नासला खाली पोचलो. चार तासांत प्रत्यक्ष काम चाळीस मिनिटांचं, असा माझा अंदाज होता.

मुलीनं आईचं आवरून, कपडे बदलून ठेवलं होतं. ती भराभर सांगू लागली. मी लिहून घेऊ लागलो आणि लिहिलेलं तिला वाचून दाखवू लागलो.

“अकराला पेज. मान थोडी खाली करून द्या, न्हाईतर ठसका लागतो. मग गोळी. डाव्या हाताची दोन बोटं दाखवली की पाणी. मूठ केली की टीव्ही.”

“मूठ कुठल्या हाताची?”

“काका, उजवा चालत न्हाई.”

मी तेही लिहिलं. घड्याळाकडं लक्ष गेलं तेव्हा दहा सत्तावीस झाले होते. तिची एसटी सव्वादहाची. बावीस वर्षं लोकांचे उशीर लिहिणाऱ्या माणसानं तिला उशीर केला होता. मी चप्पल न घालता कोपऱ्यापर्यंत पळालो, रिक्षा आणली, तिला बसवलं आणि रिक्षावाल्याला म्हणालो, “पावणेअकराच्या आत पोचव, गड्या.”

अकराला पेज घेऊन बसलो. वहिनी तोंड उघडेनात. चमचा पुढं केला की “नको.” वाटी बदलली, “नको.” टीव्ही लावला, “नको.” पेज गार झाली, गोळी तशीच. अकरा वीसला माझा धीर सुटला. मुलीनं कॉलेजच्या ऑफिसचा नंबर दिला होता. तिला बोलवून घ्यावं म्हणून फोन काढला आणि चष्मा शोधायला तो पलंगाच्या कडेवर ठेवला.

वहिनींचा डावा हात इतका चपळ असेल असं वाटलं नव्हतं. फोन उचलला आणि थेट उशीखाली. वर डोकं ठेवून माझ्याकडं बघत राहिल्या.

“वहिनी, फोन द्या.”

“नको.”

परक्या बाईच्या उशीखाली हात घालण्याची आपली हिंमत नाही. मी मुकाट्यानं पेज गरम करून आणली. या वेळी त्यांनी तोंड उघडलं. अर्धी पेज माझ्या शर्टावर सांडली, अर्धी पोटात गेली, गोळीही गेली. वहीत नोंद करायची मात्र राहून गेली.

दोन वाजले. मुलगी आली नाही. बदली माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा नियम मी आजवर शेकडो जणांना ऐकवला. स्वतः पाळायची वेळ पहिलीच. पस्तीस मिनिटांत मी अकरा वेळा दारात जाऊन आलो. या मुलीचा बदली माणूस दिवाळीपासून आला नव्हता, हे तेवढ्यात केव्हातरी डोक्यात आलं आणि मी गपचूप पलंगाजवळ येऊन बसलो.

दोन पस्तीसला ती आली. “एसटीच मिळंना काका. प्रॅक्टिकल झालं. आत सोडलं, अकराला पाच मिनिटं कमी होती.”

वहिनींनी उशीखालून फोन काढून तिच्या हातात दिला.

“आगं आई, काकांचा फोन तुझ्याकडं कसा?”

वहिनी माझ्याकडं बघून अर्ध्या तोंडानं हसल्या. “नको,” म्हणाल्या. मीही सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी सहा हजार चारशे रुपये आठ घरांना परत केले, सह्या घेतल्या. पैशांऐवजी घरांनी लेखी परीक्षेच्या पेपरांचे दिवस वहिनींपाशी बसायला वाटून घेतले. रसायनशास्त्राचा माझ्याकडं आला. तक्त्यावर आता ‘नंबर’ असं लिहिलं आहे.

प्रत्यक्ष दिले ते एवढेच: रिक्षावाल्याला एकशे वीस रुपये, माझ्या खिशातून. उशीर माझा होता.