पायाचा सौदा

माझ्या पायाचा काळा पडलेला अंगठा डॉक्टरांनी पाहिला, मग विडीनं पिवळी झालेली बोटं पाहिली आणि म्हणाले, “थ्रॉम्बोअँजायटिस. पायाच्या रक्तवाहिन्या बुजल्यात. गुडघ्यापासून कापावा लागेल.” एवढं भारदस्त नाव बेल्ह्याच्या बाजारात कुठल्या खोंडालाही मिळालं नव्हतं.

मी बैलांचा दलाल. थोडं चाललं की पोटरी आवळायची, थांबलं की सुटायची. याला इंटरमिटंट क्लॉडिकेशन म्हणतात. पिंपरी पेंढारचे आमचे मेहुणे आळस म्हणत. गार पडलेल्या पावलाला या महापंडितानं तापलेल्या विटेचा शेक दिला. पाऊल बधिर, मला काही कळलं नाही. कातडी भाजली, अंगठा सडू लागला, तर म्हणतात, “दाजी, आजार बाहेर पडतोय.”

पुण्याचे हे डॉक्टर विलायतेत शिकलेले. बरोबरीचे सगळे हृदयाकडे वळले, मोटारीतून फिरू लागले. यांनी उमेदीची वर्षं घातली विडीबाजांच्या पावलांवर संशोधन करण्यात. शिकाऊ डॉक्टर पाठीमागे हसत. हसणाऱ्यांची यांना कीव येई, आम्हा विडीबाजांचा मात्र तिटकारा. “मी वाहिनी उघडायची आणि तुम्ही संडासात बसून विड्या ओढून ती बुजवायची,” असं खाटेखाटेपाशी ऐकवत.

त्यांनी माझ्या पायांवर चादर टाकली, खाली हात घालून पावलावर बोटं दाबली. ते नाडी शोधत होते, पण मला काय ठाऊक? आमच्याकडे रुमालाखाली बोटं धरूनच बैलाचा भाव ठरतो. मी वाकून त्यांचा हात धरला आणि एक बोट आवळलं.

“हे काय?”

“अंगठा घ्या, साहेब. गुडघा लई व्हतोय.”

सारा वॉर्ड हसला. ते हसले नाहीत. “प्रयत्न करतो. पण एक झुरका घेतलात, की सौदा मोडला.”

मग सिंपथेक्टमी झाली. म्हणजे कमरेपाशी मज्जातंतू कापतात, मग पायातल्या बारीक वाहिन्या सैल होतात. अंगठाही गेला. शेजारच्या खाटेवर अवसरीचे एक पाटील चोरून ओढत आणि मला भित्रा म्हणत. ते शूरवीर कुबड्यांवर घरी गेले.

टाके काढल्यावर डॉक्टरांनी हाताची मागची बाजू माझ्या पावलाला लावली, ती बराच वेळ उचलली नाही. “ऊब आहे,” एवढंच म्हणाले आणि पुढच्या खाटेवर तोंड सोडायला गेले.

तुमची पोटरी आवळत असेल, तर मेहुण्यांना विचारू नका. मी आता बाजारात विडी ओढत बसलेल्यांच्या पावलांना हात लावत हिंडतो. लोकांना वाटतं, पाया पडतोय. मी पाऊल गार आहे का बघतो. आणि गार लागलं की जे ऐकवतो, ते सगळं डॉक्टरांनीच शिकवलेलं.