तरोट्याचा लेप

लिंबागणेशला मुलगी पाहायला निघालो, ते निजामी रुबाब दाखवायला उसनी शेरवानी चढवून. वेशीपाशी पोचेतो दोन्ही दंडांवर पुरळ उठलं. मुलीच्या बापानं खाजवताना पाहिलं की सोयरीक तिथंच मोडणार!

विहिरीवर एक मेंढपाळ बांधावरच्या तरोट्याचा पाला वाटत होता. प्रत्येक पान आधी हुंगायचा, मगच दगडाखाली घ्यायचा. त्याच्याही हातांवर पुरळ होतं. मला खाजवताना पाहून, माझ्या रुबाबाची जराही अदब न राखता म्हणाला, “काढ ती शेरवानी, बे. मी तुला लावतो, तू मला लाव. आपलाच हात असला की त्यो लावायचं सोडून खाजवीत बसतोय.”

आम्ही एकमेकांना हिरवं करत होतो, तोच मला घ्यायला आलेले मुलीचे वडील समोर उभे! त्यांनी मागंपुढं पाहिलं, हळूच बाही वर सारली.

“जावईबापू, हितं बी लावा जरा.”

मेंढपाळानं पुढचं पान हुंगलं.