डोळे न उघडणारी मुलगी

पेशंट दारातून आत येतानाच मला आजार कळतो, अशी आमच्या हॉस्पिटलात माझी ख्याती होती. ती मीच पसरवली होती, हेही सांगून टाकते. ज्युनिअर डॉक्टर माहिती लिहून घेत असायचे आणि मी मध्येच निदान सांगून मोकळी व्हायचे. ते बरोबर निघालं की दिवसभर मान ताठ. वसईत पंधरा वर्षं काढल्यावर बहुतेक वेळा ते बरोबर निघायचंही. चुकलेलं कुणी मला येऊन सांगत नसे, आणि मीही कधी विचारायला गेले नाही.

त्या सप्टेंबरात एव्हरशाईन सिटीतली एक कॉलेजची मुलगी हातपाय ताठ करून आली होती. सगळे फिट आली म्हणून धावपळ करत होते. मी बाकीच्यांना बाहेर काढलं, तिला परीक्षेचं विचारलं आणि तिचा बांध फुटला. तासाभरात ती स्वतःच्या पायांनी चालत घरी गेली. सिस्टर म्हणाल्या, "मॅडमच्या नजरेतून काही सुटत नाही." ते वाक्य मी आठवडाभर चघळत होते, तेवढ्यात जवळच्या उमेळे गावातली एक मुलगी आली.

सकाळचे साडेआठ झाले होते. मुलगी एकोणीस वर्षांची, बरोबर आई. घरची थोडी भातशेती आणि सोनचाफ्याची झाडं. आईने एका दमात सांगितलं, "मॅडम, काल लग्नावरून घरात वाजलं. ही रुसून खाली चटईवर झोपली. पहाटेपासून पोटात दुखतं म्हनते. उलटी झाली. पानी पन घशाखाली जात नाय."

मी पहिल्या वाक्यालाच थांबले होते. पुढचं ऐकलं, पण ते त्या पहिल्या वाक्यात बसवत गेले. केसपेपरवर लिहिलं, घरात भांडण, खाणंपिणं सोडलं आहे. पाणी घशाखाली जात नाही, असं आई सांगत होती. चटईचं तर मी लिहिलंच नाही.

नाडी, ब्लडप्रेशर, ऑक्सिजन सगळं ठीक होतं. डोळे मात्र अर्धवट मिटलेले. "डोळे उघड," मी म्हटलं. तिने भुवया वर नेल्या, पापण्या तिथेच राहिल्या. नाव विचारलं तर नाकातून काहीतरी बोलली. हात वर करायला सांगितला तर जेमतेम उचलला आणि टाकला. त्या वेळी मला त्यात फक्त हट्ट दिसला. मी लहानपणी कधी रुसले नाही, कारण आमच्या घरात रुसलेल्याला कुणी विचारत नसे. रुसणाऱ्या मुलींचा मला तेव्हापासून राग आहे. तो राग त्या सकाळी माझ्याबरोबर ड्युटीवर होता आणि मी त्याला अनुभव समजत होते.

आईने विचारलं, "काय झालंय हिला?"

मी तिच्या उशाशी उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काही झालेलं नाही. नाटकं आहेत. एक थोबाडीत द्या, आपोआप डोळे उघडेल."

मी ते अर्धवट चेष्टेत म्हणाले होते, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं आहे. आईने चेष्टा कशाला समजावी? डॉक्टरने सांगितलं, तिने मारली. मुलीचा चेहरा हलला नाही. मिटल्या डोळ्यांतून पाणी मात्र आलं. "बघा," मी म्हणाले, "शुद्धीत आहे ती." आणि चहा प्यायला गेले.

ती शुद्धीत आहे हे तोपर्यंतचं माझं एकमेव बरोबर निदान.

चहा संपायच्या आत सिस्टर धावत आल्या. मुलीच्या तोंडात लाळ साचली होती, श्वास उथळ झाला होता, ऑक्सिजन उतरत होता. मी मानेखाली हात घालून तिला उठवायला गेले तर मान मागे पडली. पापण्या, गिळणं, आवाज, हात आणि आता मान. तेव्हा कुठे मला चटई आठवली. मण्यार. हा विषारी साप रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावतो, दुखत नाही, खूण बऱ्याचदा सापडत नाही, पहाटे पोटात दुखतं आणि मग एकेक स्नायू लुळा पडत जातो. परीक्षेत मी यावर दोन पानं उत्तर लिहिलं होतं.

आम्ही घशात नळी घातली, व्हेंटिलेटर लावला, विषावरचं इंजेक्शन सुरू केलं. दुपारी तिच्या काकांनी घरातल्या लाकडांच्या ढिगाखाली मण्यार मारली आणि निरोप पाठवला. संध्याकाळपर्यंत हॉस्पिटलभर झालं होतं की मॅडमनी खूण नसताना साप ओळखला. मी कुणालाही अडवलं नाही.

पुढचे सहा दिवस मुलगी मशीनवर होती. आई आयसीयूच्या बाहेर बाकावर बसून असायची आणि मी दिसले की हात जोडायची. "विष चढलेल्या पोरीला मी मारलं, मॅडम. माझा हात का नाय तुटला?" चूक माझी होती, हे मला तेव्हा सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. त्याऐवजी मी रोज तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "आई, होतं असं. मनाला लावून घेऊ नका." एवढं बोलून मी पुढच्या पेशंटकडे जायचे. माझ्या चुकीबद्दल मी तिला माफ करत होते. हे लिहितानाही कान गरम होतात.

सातव्या दिवशी नळी निघाली. दहाव्या दिवशी घरी सोडायचं ठरलं. आईने माझ्यासाठी ओंजळभर सोनचाफा आणला होता. ती खाली वाकून पिशवीत कपडे भरत होती. मुलगी पलंगावर बसली होती. आवाज अजून बसलेला होता.

"मॅडम, मला तेव्हा सगळं ऐकू येत होतं."

माझ्या हातात डिस्चार्जचा कागद होता. मी तो वाचायला लागले.

"मला तुमच्याशी भांडायचं नाय," ती म्हणाली. "फक्त आईला सांगा, तुम्ही सांगितलं म्हणून तिने मारलं. मी सांगते तर तिला पटत नाय. बोलते, डॉक्टर चेष्टेत बोलल्या असतील, मीच खरं मानलं. ती धड जेवत पन नाय."

आईचे हात पिशवीत थांबले होते. आता पळायला जागा नव्हती. मी म्हणाले, "खरं आहे. मीच सांगितलं होतं मारायला. तुमची काही चूक नव्हती."

आई सावकाश उभी राहिली. ओरडेल असं वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "मग इतके दिवस मला रडू का दिलं?"

मी कागद पुढे केला आणि गोळ्या सांगायला लागले, सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर.