एक वेळ जेवणाऱ्या मासोळ्या

आमच्या मोहाडीच्या घरात समोरच्या खोलीत आधी हातमाग होता, आता तिथे काचेची टाकी आहे. माग विकला तेव्हा मामाजींचे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे, गुडघे कुरकुरायला लागले होते आणि कोशाच्या रेशमाचा बारीक धागा त्यांना दिसेनासा झाला होता. जन्मभर विणकाम केलेला माणूस रिकाम्या जागेकडे बघत बसायचा. ते पाहवेना, म्हणून नवऱ्याने तुमसरहून मासे पाळायची टाकी आणली, त्यात गोल्डफिश सोडले आणि आपलं कर्तव्य संपलं असं समजून कापडाच्या दुकानात निघून गेला. टाकी साफ कोण करणार, हे त्याने विचारलं नाही. असले प्रश्न आमच्या घरात विचारावे लागत नाहीत, ते पाय फुटल्यासारखे सरळ स्वयंपाकघरात माझ्याकडे येतात.

मामाजी मात्र खुलले. पहाटे उठून आंघोळ झाली की आधी मासोळ्यांना चारा, मग स्वतःचा चहा. दुपारी आधी त्यांचं, मग आपलं. संध्याकाळीही तेच. तलावावर गेलं की मासोळ्यांना कणकेच्या गोळ्या टाकायच्या, पुण्य लागतं, असं आमच्याकडे सगळेच मानतात. आता तलावच घरात आला म्हटल्यावर मामाजींनी ते पुण्य गावाला वाटायला काढलं. दारात आलेल्या माणसाला आधी पाणी, मग चहा आणि मग डब्यातला चिमूटभर चारा हातावर. "टाका जी, टाका. मुके जीव हायेत." लग्नपत्रिका द्यायला आलेले टाकायचे, मीटर बघायला आलेला टाकायचा. नवऱ्याची सानगडीची आत्या आली की ती पिशवीतून स्वतःचे मुरमुरे घेऊन यायची, कारण डब्यातला चारा तिला कोरडा वाटायचा.

व्हायचं तेच झालं. पाणी हिरवट दिसू लागलं, काचेवर शेवाळ धरलं आणि मासोळ्या तळाशी जाऊन बसल्या. पाहुणा आला की वर धावणाऱ्या मासोळ्या त्या! एके सकाळी एक मासोळी उलटी तरंगताना दिसली. मामाजींनी ती तुळशीच्या मागे पुरली.

मी तुमसरच्या दुकानदाराला फोन लावला. तो उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांपैकी, पण त्याने पाणी तपासायच्या कागदी पट्ट्या पाठवल्या. पट्टी बुडवली की रंग बदलतो. पाणी बरं असेल तर फिक्का गुलाबी आणि बिघडलं असेल तर लाल. आमची पट्टी कुंकवासारखी लाल झाली. दुकानदार म्हणाला, "नायट्रेट वाढलंय, ताई." मासोळ्यांची घाण आणि खाली पडून कुजलेला चारा यांचं शेवटी नायट्रेट होतं, ते जाळीने गाळून निघत नाही, थोडं थोडं पाणी बदलत राहायचं, एवढं त्याने समजावलं. मग मी पदर खोचला.

दर दोन-चार दिवसांनी नळीने टाकीतलं पाव हिस्सा पाणी काढायचं आणि अंगणातल्या बोअरचं ताजं पाणी भरायचं. पाठ मोडली, फरशीवर घसरून एकदा बसले, बादल्या उचलताना नवऱ्याच्या सात पिढ्यांची आठवण काढली. पट्टी लालच. चारा कमी करा म्हणून मामाजींवर ओरडले, ते हो म्हणाले. पट्टी लालच. शेवटी वैतागून मी एक पट्टी टाकीऐवजी बोअरच्या बादलीतच बुडवली. ती पण लाल!

मी मटकन खाली बसले. आमच्या बोअरच्या एका बाजूला आमचाच उकिरडा आणि कुंपणापलीकडे शेजाऱ्याच्या धानाच्या शेताची बांधी. दर हंगामात युरिया पडतो, पाऊस पडतो, बांधी तुडुंब भरते आणि ते सगळं मुरत मुरत खाली जातं. प्यायला आम्ही नळाचं पाणी घेतो, म्हणून बोअरकडे कोणाचं लक्ष नव्हतं. आडात तेच, मग पोहऱ्यात दुसरं काय येणार? रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात, इथे तर औषधातच रोग होता. मला इतकं हसू आलं की नवरा धावत आला. त्याला वाटलं, मी पुन्हा घसरले.

मग नळाचं पाणी बादलीत भरून, त्यातलं क्लोरीन उडून जावं म्हणून एक दिवस उघडं ठेवायचं आणि ते टाकीत घालायचं, असं सुरू केलं. लाल रंग जरा उतरला. पण थोडा उतरायचा आणि पुन्हा चढायचा, कारण चारा कमी झालाच नव्हता. हो म्हणणारे मामाजी बंडीच्या खिशात मुरमुरे ठेवत होते. मी डबा कडीकुलपात ठेवला आणि जाहीर केलं, मासोळ्यांना दिवसातून एकदाच, आणि तेही मीच टाकणार. पाहुण्यांनी फक्त बघायचं.

मामाजी भांडले नाहीत. दुपारी जेवले. संध्याकाळी ताट वाढलं तर उठलेच नाहीत.

"काहून जी, बरं वाटून नाही राहिलं का?" मी विचारलं.

"बरं हाय. मासोळ्या एकदाच जेवून राहिल्या ना, मंग मीबी एकदाच."

"त्या चिमूटभर जीव आहेत मामाजी, तुम्हाला रात्री बीपीची गोळी घ्यायची असते. डॉक्टरनं सांगितलंय, जेवल्यावरच घ्यायची."

"लेकराईले उपाशी ठेवून मले घास कसा जाईन, बाई? तूच सांग."

मला वाटलं, दोन दिवसांचा रुसवा. पण हा माणूस कोष्ट्याचा. धागा हजारदा तुटला तरी हजारदा जोडणारा. आठवडा गेला, दुसरा गेला. रात्री फक्त अर्धा पेला दूध आणि त्यावर गोळी. गालफडं बसली, एकदा उठताना चक्कर येऊन भिंत धरली. चारा वाढवला तर मासोळ्या जाणार, नाही वाढवला तर म्हातारा. नवरा म्हणाला, "तुमच्या दोघांच्या मधात मले नको घेऊ." मी त्या दिवसांत सगळ्यांवर खेकसत होते, पण खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. माझे वडील मी लहान असतानाच गेले. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्यांदा मला 'बाई' म्हणून मायेनं हाक मारली ती याच माणसाने.

पुन्हा दुकानदाराला फोन केला. या वेळी तो कामाचं बोलला. मनीप्लांटच्या वेली टाकीवर लावा, मुळं पाण्यात, पानं बाहेर. नायट्रेट म्हणजे झाडाचं खतच, मुळं ते ओढून घेतात. मनीप्लांट काय, आमच्या गल्लीत दर खिडकीला बाटलीत लटकलेला असतो. चार घरांतून मागून आणला आणि मुळं पाण्यात सोडली. मासोळ्यांनी तासाभरात ती कुरतडून टाकली. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं!

मी कपाळाला हात लावून बसले होते, तेव्हा मामाजी मागे येऊन उभे राहिले. "मुळाईले पिशवी पायजे," ते म्हणाले. "पाणी जाईन, तोंड नाही जानार, अशी."

मी माझी जुनी सुती ओढणी फाडायला घेतली. त्यांनी ती हातातून काढून घेतली. "सूत सडते पाण्यात. नायलॉनची दोरी आन, बारीक पाहून."

एका जुन्या तसबिरीची चौकट, तिला चारी बाजूंनी खिळे, आणि त्यावर मामाजींनी उभ्या दोऱ्यांचा ताणा भरला. डोळ्यांना दिसत नव्हतं, बोटांना दिसत होतं. सैल वीण, फटी सारख्या. विणलेली जाळी दुमडून, कडा शिवून पहिली पिशवी झाल्यावर त्यांनी तिच्या फटीत करंगळी घालून पाहिली, आत गेली नाही, तर खूश. मग दुसरी, तिसरी. मला म्हणाले, "उभी कायले राहिली? तिकडून दोरी धर." संध्याकाळपर्यंत टाकीच्या काठाला मनीप्लांटच्या नव्या वेली घातलेल्या पिशव्यांची रांग टांगली गेली आणि मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणावर ओरडले नाही.

वेली धरल्या. मुळं पांढरीशुभ्र वाढली, पानं तळहाताएवढी झाली. टाकीतलं काढलेलं पाणी मामाजी वांग्यांना घालू लागले आणि वांगी अशी फुगली, की आता दारात आलेल्याच्या हातावर चाऱ्याऐवजी वांगं पडू लागलं. आत्याने नाक मुरडलं, पण दोन वांगी जास्तच नेली. मासोळ्या तळाशी बसायच्या थांबल्या. एका दुपारी पट्टी बुडवली तर रंग इतका फिक्का, की मी ती उजेडात नेऊन पाहिली. मग मामाजींना दाखवली.

त्यांनी पट्टीकडे बघितलंच नाही. टाकीसमोर वाकले. मासोळ्या सगळ्या वर आल्या, काचेला तोंडं लावून.

"एकदाच जेवून राहिल्या, तरी चांगल्या हायेत," ते म्हणाले.

"मग? किती दिवस झाले मी तेच सांगते आहे!"

दिवेलागणीनंतर मी भात उतरवत होते, तेव्हा ते न बोलावता येऊन बसले आणि ताट पुढे ओढलं. इतक्या दिवसांनी संध्याकाळी जेवणार, पोटात दुखायला नको, म्हणून मी जपून एक लहानसा डाव भात वाढला आणि थांबले.

त्यांनी ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मासोळ्याईले मोजून देते, ते बराबर हाय," ते म्हणाले. "मले नोको मोजू, बाई."

मी पातेलंच उचलून त्यांच्याजवळ ठेवलं, आणि वरण आणायच्या निमित्ताने चुलीकडे तोंड फिरवलं.