पिवळा शब्द

कडेगावात माझ्या दुकानावरच्या खोलीत एक तरुण पोरगा वेबसाइट बनवतो. घरी मेंढरं, म्हणून मेंढरांच्या रोगांवरही त्यानं एक साइट केली. शोधलेला शब्द तिच्या पानांत पिवळा उठतो. शब्द हेरणारा पॅटर्न, म्हणजे कोडची ओळ, लिहिताना तो स्क्रीनशी मोठ्यानं भांडतो.

परवा रानातनं त्याच्या आईचा फोन आला, ‘डॉक्टरचं पान उघडंना रं.’ तिनं ‘मेंढी’ शोधलं होतं. डॉक्टरच्या पानाच्या लिंकच्या पत्त्यातही तोच शब्द होता. पॅटर्ननं तिथंही रंगाची खूण घुसवली आणि लिंक मोडली.

‘एवढं चालतंय, गड्या,’ मी म्हणालो.

‘आवं काका, तेवढ्यात मेंढरू मरतं,’ म्हणत त्यानं अख्खा पॅटर्न पुसून नवा लिहिला.

दुपारी आम्ही माझ्या गाडीवरनं रानात गेलो. आईच्या बोटाखाली पान उघडलं.

‘झालं की,’ ती म्हणाली.

‘न्हाई,’ तो म्हणाला. ‘आता दुसरा शब्द टाक.’