चारशे निळी स्टुलं

दर शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला फ्राउके नीनहाउस आमच्या ओस्टरझाइल गावच्या सुपरमार्केटात शिरते, थेट फ्रीजरपाशी जाते, काच सरकवते आणि गोठवलेल्या कोळंबीची पाकिटं एकेक करून पालथी घालते. कधी बारा असतात, कधी तीस. एकही सोडत नाही. मग गारठलेले हात कोटाला पुसते, पाव आणि दूध घेते आणि घरी जाते. दुकानाची मॅनेजर पूर्वी तिच्या मागोमाग जाऊन ती सगळी पुन्हा उताणी करायची. आता तिनेही नाद सोडलाय.

पाकिटावर फ्राउकेचाच फोटो आहे. अडतीस वर्षांची फ्राउके, लाल गाल, डोक्यावर लेसची पांढरी टोपी. खाली लिहिलंय, 'ओस्टरझाइलची कोळंबी. पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी सोललेली.' तसली टोपी तिने जन्मात घातली नव्हती. फोटोवाल्याने ती पिशवीतून काढली आणि तिच्या डोक्यावर ठेवली. टोपी खोटी आणि हातांची गोष्ट तर त्याहून खोटी. कोळंबी आमच्या समुद्रातली, आमच्याच होड्यांवर उकडलेली, एवढं खरं. पण ती इथल्या कोल्ड स्टोरेजात गोठते, कंटेनरमध्ये बसते, बेल्जियम, फ्रान्स, स्पेन पार करून सामुद्रधुनीपलीकडे मोरोक्कोतल्या टँजिअरला जाते. तिथल्या बायका ती सोलतात, आणि पुन्हा गोठून ती आल्या वाटेने घरी येते. बोटाच्या पेराएवढ्या जिवाने पाच हजार किलोमीटर हिंडायचं, कशासाठी? तर तिथल्या बाईची दिवसाची मजुरी इथल्या बाईच्या तासाच्या मजुरीहून कमी, म्हणून. एवढा प्रवास माणसाने केला असता तर तो शहाणा झाला असता. कोळंबी नुसती शिळी होते.

पूर्वी ती आमच्या स्वयंपाकघरांतच सोलली जायची. पहाटे होडी लागली की टेबलावर कोळंबीचा ढीग पडायचा, आणि फ्राउकेच्या टेबलाशी समोरच्या घरातली आल्ट्ये येऊन बसायची. दोघी पहिलीपासूनच्या मैत्रिणी. काळी कॉफी, गावभरच्या कुचाळक्या आणि चालते हात. डोकं एका हातात, शेपटी दुसऱ्या हातात, तिसऱ्या कड्यापाशी पाव वळसा, की कवच सुटून यायचं. वळसा कमी पडला तर मांस तुटतं, जास्त झाला तर चेंगरतं. फ्राउकेच्या हातून तुटलेलं मांस कोणी पाहिलं नव्हतं. मग सरकारने घरी सोलायला बंदी केली. आमची स्वयंपाकघरं म्हणे घाणेरडी! त्याच कोळंबीवर आमच्या चार पिढ्या वाढल्या, कोणी मेलं नव्हतं. कंपनीने गावात एक हॉल बांधला, साठ बायका पांढरे झगे घालून तिथे बसू लागल्या. तेही बरं चाललं होतं.

दोन वर्षांनी कंपनीच्या म्हाताऱ्या मालकाने फ्राउकेला बोलावलं. म्हणाला, "फ्राउके, तुझ्यासारखे हात अख्ख्या किनाऱ्यावर नाहीत. टँजिअरला सहा आठवडे जा, तिथल्या पोरींना शिकव. फक्त जास्तीचा माल तिकडे जाईल. इथलं कोणाचंही काम जाणार नाही."

ती गेली, शिकवलं, परत आली. पाकिटावरचा तो टोपीतला फोटो त्याच वर्षीचा. चार महिन्यांनी गावातल्या हॉलला कुलूप लागलं.

तेव्हापासून आल्ट्ये तिच्याशी बोललेली नाही. आमच्या गावात खिडकीचे पडदे कोणी ओढत नाही. ज्याला काही लपवायचं असेल त्याने ओढावेत. आल्ट्येने तीस वर्षं रस्त्याकडचे पडदे ओढून ठेवले, समोर फ्राउकेचं घर दिसू नये म्हणून. गावाने फ्राउकेचं नाव 'हात विकून आलेली' असं ठेवलं. फ्राउके भडकायची. "मला फसवलं त्यांनी!" ती बेकरीत सांगायची, चर्चच्या दारात सांगायची, नवऱ्याच्या दफनाच्या दिवशी कॉफी पिताना मालकाच्या तोंडावर सांगून मोकळी झाली. मालक गेला, त्याचा मुलगा येल्मर खुर्चीवर बसला, तरी तिचं सांगणं थांबलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, असंच तिला वाटे. निदान ती तसं म्हणे.

यंदाच्या जूनमध्ये येल्मरने नवं पिल्लू सोडलं. बंदरावर नवी शेड, शेडमध्ये कोळंबी सोलणारं यंत्र. यंत्र अजून अडाणी होतं, दहातल्या चार कोळंब्या तोडत होतं. त्याला तो पाव वळसा शिकवायला हवा होता, आणि तो शिकवायचा म्हणजे कुशल हातांवर चारी बाजूंनी कॅमेरे लावायचे. कोळंबीच्या जत्रेच्या शनिवारी, सगळ्या गावासमोर, वाजतगाजत. त्यासाठी टँजिअरच्या हॉलची मुकादम येणार होती. तूरिया.

तूरिया! फ्राउकेने शिकवलेल्या पहिल्या तुकडीतली, एकोणीस वर्षांची, चिमणीएवढी पोर. फ्राउकेचं डोकं तापलं. म्हणजे आता त्या पोरीलाही तेच सांगणार, जास्तीचा माल, कोणाचं काम जाणार नाही. आणि तिथल्या सहाशे बायका घरी बसणार. फ्राउकेने ठरवलं, ह्या वेळी नाही. तिला आधीच गाठायचं आणि डोळे उघडायचे.

जत्रेच्या आदल्या संध्याकाळी तूरिया स्वतःच दारात उभी राहिली. एक्कावन्न वर्षांची, अंगाने भरलेली, हातात खजुराचा डबा.

"मावशी, वाळलीस गं पार!" ती म्हणाली, आणि तेही आमच्या गावच्या ठसक्यात. ती आमची भाषा फ्राउकेकडूनच शिकली होती. हेगचे सरकारी अधिकारी फोनवर तिला हसतात म्हणे, मोरोक्कोतून अस्सल ओस्टरझाइलची कोळीण बोलते म्हणून.

फ्राउकेने कॉफी ओतली. तूरियाने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"अजून असलंच पाणी पितेस? एवढी वर्षं झाली, मावशी, एखादा चमचा जास्त टाकायला काय हरकत होती?"

"कॉफी राहू दे. मी सांगते ते ऐक." फ्राउके टेबलावर पुढे वाकली. आठवडाभर तिने हे मनात घोळवलं होतं. "उद्या त्या कॅमेऱ्यापुढे हात दाखवू नकोस. तो येल्मर काय म्हणाला तुला? जास्तीचा माल?"

"फक्त जास्तीचा माल. कोणाचंही काम जाणार नाही."

"त्याच्या बापाने मला हेच्च सांगितलं होतं! शब्दन्‌शब्द! मला फसवलं, आता तुला फसवतायत. गरज सरो, वैद्य मरो. ती सगळी जातच तसली."

तूरियाने कप खाली ठेवला.

"मावशी, शेडमध्ये यंत्र एक आहे. पण जमिनीवर यंत्रं बसवायचे सिमेंटचे ओटे चाळीस आहेत. दुपारी मी मोजले."

"मग? कळलं ना तुला?"

"मला कळलं. तुलाही तेव्हाच कळलं होतं."

फ्राउकेने फडकं घेऊन टेबल पुसायला घेतलं.

"पहिल्या दिवशी तू हॉलच्या दारात उभी होतीस," तूरिया म्हणाली. "आम्ही पोरी ट्रकमधून स्टुलं उतरवत होतो. नवी कोरी, निळी. तू ती मोजत होतीस. मी पाहिलं, तुझे ओठ हलत होते. चारशे होती. तुझ्या गावात सोलणाऱ्या साठ. जास्तीच्या मालाला चारशे स्टुलं लागतात होय गं? तू मोजून झाल्यावर थोडा वेळ तशीच उभी राहिलीस. मग कोट काढलास आणि म्हणालीस, चला पोरींनो, बसा."

फ्राउकेला ते दार आठवलं, तो प्लास्टिकचा नवा वास आठवला. तीस वर्षांत तिने कोणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. ती पहिल्यांदाच विमानात बसली होती. विमानतळावर तिच्या नावाची पाटी घेऊन माणूस उभा होता. 'अख्ख्या किनाऱ्यावर तुझ्यासारखे हात नाहीत,' हे तोपर्यंत तिला कोणी, अगदी नवऱ्यानेही, म्हटलं नव्हतं. चारशे स्टुलं पाहून परत फिरली असती, तर पुन्हा तेच टेबल आणि तोच वास. ती फिरली नाही.

"मग इथे कशाला आलीस? माझी उणीदुणी काढायला?" फ्राउके खेकसली. दुसरं काय करणार?

"तुला विचारायला आले. तिकडची एकही बाई कॅमेऱ्याला हात दाखवणार नाही. आम्ही ठरवलंय. हॉल बंद झाला तर प्रत्येक बाईला तिच्या कामाच्या वर्षांप्रमाणे भरपाई मिळेल, असा कागद सहीशिक्क्यासकट आधी पाहिजे. येल्मर म्हणतो, कागदबिगद नाही, तू नाहीस तर फ्राउके आहेच. म्हणून विचारते, मावशी. तू आहेस का?"

फ्राउके उठून किटली विसळू लागली. तूरियाने कॉफी संपवली, खजुराचा डबा टेबलावर ठेवला आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये सगळं गाव जमलं होतं. बँड वाजून झाला, महापौर बोलून झाले. काचेचं टेबल, वर चार कॅमेरे, मधे लाल ताटात उकडलेली कोळंबी. तूरिया स्टुलावर बसली आणि तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले. एक मिनिट गेलं, दोन गेली. येल्मर हसत हसत तिच्या कानाशी लागला. तिने मान हलवली. लोक कुजबुजू लागले.

मग येल्मर फ्राउकेकडे आला. "फ्राउकेमावशी, या ना. आपलीच जत्रा आहे. पाहुणीला जरा भीती वाटतेय. तुमच्यासारखे हात अख्ख्या किनाऱ्यावर नाहीत."

तेच वाक्य, बापाचंच. पोरगं खुर्चीबरोबर वाक्यंही वारशाने घेऊन बसलं होतं. फ्राउके उठली. टेबलाशी आली, तूरियाच्या शेजारच्या स्टुलावर बसली. कॅमेरेवाल्याने दिवा लावला. फ्राउकेने आपले हात उचलले आणि मांडीखाली दाबून ठेवले.

"मावशी?" येल्मर म्हणाला.

"चारशे स्टुलं होती!" फ्राउके ओरडली. येल्मरकडे ती बघतही नव्हती. ती पाहत होती तिसऱ्या रांगेत बसलेल्या आल्ट्येकडे. "टँजिअरला. पहिल्याच दिवशी मी मोजली. आपण साठजणी होतो, आणि स्टुलं चारशे. मला कोणी फसवलं नाही, आल्ट्ये. मला कळलं होतं. कळून मी शिकवलं."

बाहेर समुद्रपक्षी भांडत होते, तेवढाच आवाज.

येल्मरने घाम पुसला. त्याचं डोकं मात्र चालू होतं. धंदेवाल्याचं चालूच असतं. तोही तिसऱ्या रांगेकडे वळला. "आल्ट्येमावशी, तुम्हीही हॉलमध्ये होतात ना? तुम्ही दाखवता? ह्या बाईने तुमचं काम घालवलं, तुम्ही आत्ताच ऐकलंत."

आल्ट्ये उठली. सत्तरीची, काठी टेकत, सावकाश टेबलापाशी आली. लाल ताटातली एक कोळंबी तिने उचलली, उजेडात धरली. आम्हा सगळ्यांना वाटलं, आता ही सोलणार. तिचा हक्कच होता तो.

"तेव्हाच का नाही गं बसलीस अशी?" ती फ्राउकेला म्हणाली.

तीस वर्षांत पहिल्यांदा बोललेलं हे वाक्य.

आल्ट्येने कोळंबी ताटात टाकली. "आणि तू रे," ती येल्मरला म्हणाली, "माझे हात तुझ्या बापाने घरी बसवले. आता त्यांना काही येत नाही." तिने काठी काखेत मारली, दोन्ही हात स्वेटरच्या खिशात घातले आणि तशीच लंगडत बाहेर गेली. कॅमेऱ्यांनी तासभर चार हातांचं नुसतं बसणं टिपलं.

बुधवारी येल्मरने कागदावर सही केली. चरफडत केली, पण केली. गुरुवारी तूरिया काचेच्या टेबलाशी बसली, तिने दोन पेट्या सोलल्या आणि यंत्राला वळसा शिकवला. कोणी जिंकलं बिंकलं नाही. टँजिअरचा हॉल आज ना उद्या जाणारच. फक्त त्या बायका आमच्यासारख्या रिकाम्या हातांनी घरी जाणार नाहीत, एवढंच.

आल्ट्येच्या खिडकीचे पडदे अजून ओढलेलेच आहेत.

जत्रेनंतरच्या शनिवारी दहा वाजता फ्राउके सुपरमार्केटात गेली. फ्रीजरची काच सरकवली. वीस पाकिटं होती, वीसही टोपीवाल्या फ्राउके वर बघत होत्या. सवयीने तिने पहिलं पाकीट उचललं, जरा वेळ हातात धरलं, आणि होतं तसं उताणं परत ठेवून दिलं. चारशे स्टुलं मोजून मग कोट काढणाऱ्या बाईचं तोंड होतं ते. दिसू दे लोकांना.